माळावरचे ठिपके

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या सत्कारमूर्ती मॅडम आणि त्यांचे यजमान, संस्थेतले लहानथोर संशोधक, कार्यालयातल्या बंधुभगिनी, आणि पहाटे उठून, घरचं सगळं उरकून, एकाच गाडीत दाटीवाटीनं बसून माझ्याबरोबर आलेल्या माझ्या गावच्या बायका, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. पण मी पडले प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. घंटा झाल्याशिवाय आमचा तास संपत नाही, आणि इथे तर घंटा कुठे दिसत नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझ्या आधीचे वक्ते मॅडमच्या संशोधनाबद्दल फार अभ्यासपूर्ण बोलले. त्यातलं निम्मं मला कळलं, आणि उरलेलं निम्मं ऐकताना मी मान डोलावली. पण माझ्या गावच्या बायकांनी मला काही मान डोलावायला पाठवलेलं नाही. त्या म्हणाल्या, "बाई, आपल्या माळाचं तुम्ही सांगा. मॅडम स्वतः कधी सांगायच्या नाहीत." म्हणून मी उभी आहे.

मॅडमचं काम मला समजलं ते असं. गावातली माणसं कोणती जागा कशासाठी वापरतात, कोणत्या वाटेनं जातात, कुठे थांबतात, हे शोधून काढायचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात शोधायचं काय? विचारा की सरळ. पण विचारलं की माणूस सांगतो एक आणि चालतो दुसरीकडे. तो खोटं बोलतो असं नाही. रोजच्या पायाखालची वाट कुणाच्या ध्यानात राहते? पण खिशातल्या फोनच्या ध्यानात ती राहते. तो बापडा अधूनमधून आपला ठावठिकाणा कळवत असतो. कंपन्या त्यातून नाव, नंबर काढून टाकतात आणि ती माहिती अभ्यासाला देतात. मॅडम ती नकाशावर मांडतात. एक फोन म्हणजे एक ठिपका. शहरातली गर्दी अशी मोजणारे पुष्कळ होते. पण खेड्यातलं कुरण, पाणवठा, ओसाड पडलेला बाजारतळ, यांच्याकडे कुणी अशा नजरेनं बघावं, हे मॅडमना सुचलं.

पहिल्यांदा आमच्या गावात आल्या तेव्हा त्यांनी माझ्या शाळेत सभा घेतली आणि हे सगळं समजावून सांगितलं. समजावून सांगायची गरज नव्हती, कायद्यानं परवानगी होती, हे मला नंतर कळलं. सभा झाली आणि गावात गडबड उडाली. आमचे गिरणीवाले काका दुसऱ्या दिवशी फोन पिठाच्या डब्यात बंद करून बसले. फोन चहाडी करतो म्हणे. मॅडम स्वतः गिरणीत गेल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी काकांना लॅपटॉपवरचा नकाशा दाखवला. काकांनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यातला मी कोणता?" मॅडम म्हणाल्या, "ते मलाही कळू नये, अशीच सोय आहे." काकांचं समाधान झालं, पण थोडी निराशाही झाली असावी. तेव्हापासून गावात मॅडमचं नाव पडलं ठिपकेबाई. मॅडम, हे तुम्हाला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही. नसेल तर आज झालं.

तर माळाची गोष्ट.

आमच्या गावाच्या वर एक माळ आहे. फार मोठा नाही. वर चढून गेलं की सपाटी, मधूनमधून खडक, चार-दोन वाकडी झाडं, आणि सतत वारा. त्या माळावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. वीज येणार, गावाला भाडं मिळणार. माझे चुलत दीर तेव्हा गावप्रमुख होते. माणूस सरळ, गावाचं भलं चिंतणारा. त्यांनी सभा बोलावली, सगळ्या पुरुष मंडळींनी एकमतानं सांगितलं की माळ रिकामा आहे, तिथं कुत्रंही फिरकत नाही. तसा ठरावही झाला. आणि त्यात कुणी खोटं बोललं नाही हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

जागा रिकामी आहे ना, याची खात्री करून द्यायचं काम या संस्थेकडे आलं. मॅडमनी आमच्या गावचा नकाशा उघडला, तर रिकाम्या माळावर ठिपके. सकाळी नाहीत, संध्याकाळी नाहीत. दुपारी. एकेकटे. एक या खडकापाशी, दुसरा पार त्या टोकाला, आणि बराच वेळ जागचे न हलणारे.

इथे समोर बसलेले आपले उंच सर मॅडमचे तेव्हाचे सहकारी. त्यांनीच मला हे नंतर एकदा सांगितलं होतं, म्हणून त्यांच्या परवानगीनं सांगते. सर म्हणाले, हा यंत्राचा दोष असणार, वाऱ्यावर सिग्नल भरकटतो, हे ठिपके पुसून टाकू. आपण काही चुकीचं बोललो नाही, असं त्यांचं आजही म्हणणं आहे. असा दोष खरोखरच येतो. पण मॅडम म्हणाल्या, "यंत्राचा दोष रोज जेवणं उरकल्यावरच कसा येतो?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्या माळ चढून आल्या.

वर त्यांना पहिली भेटले ती मी.

मी एका खडकाला टेकून बसले होते. चपला काढलेल्या, डोळे मिटलेले. पावलांचा आवाज आला तशी मी दचकून उठले आणि मॅडमनी काही विचारायच्या आतच म्हणाले, "बकरी शोधायला आले होते."

आमच्याकडे बकरी नाही. कधीच नव्हती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "सापडेल. मी जरा पलीकडे बसते." आणि खरंच पलीकडे जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. पुढच्या काही दिवसांत त्यांना आणखी बायका भेटल्या. आमच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सताईंची बकरी हरवली होती. दूध डेअरीवालीची हरवली होती. नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका सुनेचं कानातलं हरवलं होतं, कारण बकरीचं कारण तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. (आमच्या बायका हसताहेत बघा. त्यांना कळलं कोणती ती.)

आता मी तिथे का जात होते? शाळेत मी बाई. घरी सून, आई, वहिनी, काकू, मामी. रस्त्यात भेटलं तरी कुणाच्या तरी मुलाची फी, कुणाचा तरी दाखला. दुपारच्या सुट्टीत मागच्या वाटेनं वर गेलं की अर्धा तास मला कुणी हाक मारायचं नाही. कधी धाकट्या बहिणीला फोन करायचे, कधी नुसती बसायचे. मला वाटायचं, ही जागा माझी एकटीची आहे. आणि गंमत अशी, की वर येणाऱ्या प्रत्येकीला तसंच वाटायचं. कुणी आडबाजूला, कुणी टेकाडामागं. एकीची दुसरीला चाहूल लागली तर दोघीही तोंड फिरवायच्या. गाठ पडलीच तर बकरी होतीच.

मॅडमना सगळं उमगलं, आणि मग त्यांची झोप उडाली.

तुम्ही म्हणाल, का? पुरावा हातात आला होता. माळ रिकामा नाही हे सिद्ध झालं होतं. जागेच्या सरकारी सुनावणीत नकाशा लावायचा, काम फत्ते. पण मॅडमनी मला शाळेत येऊन नीट समजावलं. नावं पुसलेली आहेत हे खरं. पण गाव केवढं? दुपारी माळावर बसलेला ठिपका उतरून कोणत्या दारात शिरला हे दिसलं, की ते नाव लिहिण्यासारखंच आहे. नकाशा भिंतीवर लागला, की प्रत्येक नवरा, प्रत्येक सासरा आधी आपलं घर शोधणार. आणि मग संध्याकाळी घरोघर प्रश्न. तिथं कशाला जातेस? कुणाशी बोलतेस? काहींच्या हातातला फोनच जाईल.

मी विचारलं, "आणि नकाशा दाखवला नाही तर?"

त्या म्हणाल्या, "तर माळ जाईल. पण तो दाखवायचा की नाही, हे मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा, सगळ्यांनी मिळून. तुम्ही नको म्हणालात, तर मी गप्प बसेन."

अध्यक्ष महोदय, आमच्या गावात आजवर बरेच साहेब आले. आम्हाला काय हवं ते त्यांना आधीच ठाऊक असायचं. तुमचं तुम्ही ठरवा असं म्हणणारं माणूस माझ्या नोकरीत मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं.

गप्प बसणं त्यांना स्वस्त पडणार नव्हतं. तेव्हाच्या वरिष्ठांना तो नकाशा हवा होता. खेड्यातल्या जागेचा इतका बोलका नकाशा कुणी काढलाच नव्हता, त्यावर मोठा निबंध होणार होता, परदेशात वाचला जाणार होता. पॅनेलवाल्या कंपनीचे अधिकारी तर सरळ म्हणाले की हे फोन कुणाचे आहेत ते सांगा, आम्ही त्यांच्याशी बोलून घेतो. मॅडमनी उत्तर दिलं, "मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं." त्यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं नव्हतं. दुसरं सोळा आणे खरं होतं.

मग मी शाळेत माता-पालक सभा बोलावली. त्या सभेला आलेल्या निम्म्याजणींची मुलं शाळा सोडून कधीच कामाला लागली होती, पण घरून कुणी आक्षेप घेतला नाही. शाळेची सभा म्हटलं की कुणी घेत नाही. पहिलीच्या वर्गात, त्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून सगळ्या बसल्या. एकमेकींकडे पाहिलं. "तू पण?" "आणि तुम्ही हो?" अशी खसखस पिकली की वर्गातली पोरं परवडली.

आणि दारातून माझ्या सासूबाई आत आल्या.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. मला वाटलं, माझा पत्ता लागला, आता घरी महाभारत होणार. सासूबाई शांतपणे माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुझी सुट्टी संपल्यावर जाते. तू उतरलीस, की."

काय सांगू तुम्हाला. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलो, एका चुलीवर स्वयंपाक केला, आणि त्याच खडकाला दोघी पाळीपाळीनं टेकत होतो. नातीचा जुना, काच तडकलेला फोन त्यांच्याकडे होता. त्यावर त्या माहेरच्या मैत्रिणीशी बोलायच्या. त्या मैत्रिणीचं नावही आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि मॅडमना? मॅडमना दोघींचंही माहीत होतं. मधल्या काळात त्या आमच्या घरी जेवायला आल्या होत्या. मी वाढत होते, सासूबाई आग्रह करत होत्या, आणि ही बाई दोघींची गुपितं पोटात ठेवून आमटीची स्तुती करत होती.

सभेत एकमत झालं नाही. नर्सताई म्हणाल्या, लावा नकाशा, चोरी केली आहे का आपण? डेअरीवाली म्हणाली, तुमचा पगार आहे, तुमचं ठीक आहे. ती नवी सून रडायला लागली. तिचा नवरा वाईट नव्हता, पण सासरी फोन तिला नुकताच मिळाला होता, आणि तो गेला असता तर आईचा आवाज गेला असता. बराच वेळ वाद झाला. मॅडम मागे फळ्याशेजारी उभ्या होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. कुणीतरी त्यांना विचारलंही, तुमचं मत काय? त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "नकाशाचं काय घेऊन बसलात? आपल्याला तोंडं आहेत. जिला बोलायचं ती बोलेल. जिला नाही, तिचं नाव कुणी घ्यायचं नाही."

सुनावणी शाळेच्याच मोठ्या खोलीत झाली. पुढे टेबल, टेबलामागं मोठे सरकारी अधिकारी, पॅनेलवाले, माझे चुलत दीर. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही. मॅडमच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत गुंडाळी केलेला नकाशा. मला तो दिसत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, संस्थेचा अहवाल काय सांगतो? मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माळ वापरात आहे असं आमचं निरीक्षण आहे. तपशील मी देणार नाही. ते द्यायचा अधिकार गावातल्या माणसांचा आहे." आणि खाली बसल्या.

खोलीत कुजबुज सुरू झाली. पॅनेलवाले हसले. चुलत दीर म्हणाले, "मॅडम, आमचं अख्खं गाव सांगतंय की तिथं कुणी जात नाही. मग जातं कोण?"

"मी जाते," सासूबाई म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या होत्या. माझे सासरे पुरुषांच्या बाजूला पहिल्याच रांगेत. त्यांनी मान वळवून असं पाहिलं, की जणू या बाईंशी त्यांची ओळखच व्हायची राहिली होती.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "आजी, तिथं जाऊन तुम्ही काय करता?"

सासूबाई म्हणाल्या, "काहीच नाही. घरात ते जमत नाही."

सुरुवातीला हशा झाला. मग तो एकदम थांबला. पुरुषांच्या बाजूनं आधी थांबला, हे मला आजही आठवतं. मी उठले. "मीही जाते." नर्सताई उठल्या. मग डेअरीवाली उठली, तीच, जी नको म्हणत होती. मग एकेक करत आणखी. कुणी काही स्पष्टीकरण दिलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

ती नवी सून उठली नाही. मान खाली घालून बसून राहिली, आणि आमच्यापैकी एकीनंही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. अध्यक्ष महोदय, त्या दिवशी अभिमान वाटावा असं पुष्कळ घडलं. पण आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही, याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. पॅनेल खालच्या बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर बसलं. जागा थोडी ओबडधोबड होती, काम वाढलं, पण वीज आली आणि गावाचं भाडंही आलं. ठरावातला 'रिकामा' हा शब्द माझ्या चुलत दिरांनी स्वतः पुढच्या सभेत बदलून घेतला. आमच्या घरात महाभारत झालं नाही. सासऱ्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या चहाचं आधण स्वतः ठेवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "ऊन उतरायच्या आत जाऊन ये." सगळ्याच घरांत असं गोड झालं नाही. एक-दोघींना ऐकून घ्यावं लागलं, एकीला बरेच दिवस. ते मी झाकून ठेवणार नाही, कारण मॅडमनीही ते कधी झाकलं नाही. त्या त्या घरी जाऊन बसल्या, परत परत गेल्या.

तो मोठा निबंध कधी छापला गेला नाही. तो प्रकल्प पुढे वाढवून मिळाला नाही, आणि मॅडमची बढती लांबली, हे उंच सरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटतं ना. फार सुंदर नकाशा होता तो." एवढंच. त्यांनी थोरपणाचा आव आणला असता, तर कदाचित मी आज इथे आले नसते. आज मात्र या संस्थेचा नियम आहे, की लहान गावाचा नकाशा बाहेर काढायच्या आधी त्या गावातल्या माणसांना, बायकांसकट, विचारायचं. तो नियम कुणी लिहिला हे मघाशी संचालक महोदयांनी सांगितलंच.

मॅडम, तुमच्या निवृत्तीची बातमी आली तेव्हा गावच्या सभेत तुमचं काहीतरी स्मारक करावं असा विषय निघाला. आता त्या सभेत बायकाही बसतात, हे जाता जाता सांगते. कुणी म्हणालं, माळाला मॅडमचं नाव देऊ. वाटेच्या तोंडाशी दगडी पाटी लावू, चार बाकडी ठेवू. पुरुषांना कल्पना फार आवडली. बायकांनी मात्र एका सुरात नको म्हटलं. पाटी लागली की लोक बघायला येणार. फोटो काढणार. मग आम्ही जायचं कुठे?

तेव्हा मॅडम, आमच्या गावात तुमच्या नावाची पाटी नाही, आणि कधी लागणारही नाही. वर गेल्यावर वारा, खडक आणि ती वाकडी झाडं, एवढंच आहे. तुम्ही आलात तर कुणी स्वागताला येणार नाही, कुणी ओळखही दाखवणार नाही. हवा तितका वेळ बसा. आमच्या बायकांनी तुम्हाला द्यायचा मान म्हणून हाच ठरवला आहे.

मला इथे बोलू दिलंत याबद्दल अध्यक्ष महोदयांची, संस्थेची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. मॅडमच्या यजमानांचेही आभार, त्यांनी एवढी वर्षं दुपारची जेवणं एकट्यानं जेवली. गावच्या बोलीची सवय झालेली जीभ आहे, बोलताना कुणाचा मानपान राखायचा राहून गेला असेल, कुणाचं गुपित जरा जास्त उघडं पडलं असेल, तर वडीलधाऱ्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं आणि धाकट्यांनी हसून सोडून द्यावं. रजा घेते. नमस्कार.